बोटीचं ऑइल सारखं कमी होतंय, वाढतंय, नाहीतर दुधाळ होतंय? कॅन उघडायच्या आधी हे बघा

मालवण-तारकर्ली-देवबाग पट्ट्यात भाड्याने फिरणाऱ्या बोटींची इंजिनं बघायचं काम करतो. सीझन सुरू झाला की फोन ठरलेला, "परवाच ऑइल टाकलं होतं, आज परत काडीला लागत नाही." (काडी म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची डिपस्टिक.) नाहीतर उलटं, "टाकलंच नाही तरी लेव्हल वर गेलीय, म्हणजे बरंच ना?" बरं नाही, ते जास्त वाईट. ऑइल कमी झालं म्हणजे ते कुठेतरी गेलंय, आणि वाढलं म्हणजे त्यात दुसरं काहीतरी शिरलंय, डिझेल नाहीतर पाणी. कुठे गेलं, कुठून आलं हे न बघता कॅन ओतत राहिलं की दुखणं झाकलं जातं आणि दोन महिन्यांनी इंजिन उतरवायची वेळ येते. घरच्या बोटीपेक्षा भाड्याच्या बोटीवर हे जास्त होतं कारण आज एक तांडेल (बोट चालवणारा), उद्या दुसरा, मालक तिसरीकडे, आणि प्रत्येकाला वाटतं कालच्याने बघितलं असणार.

खाली लिहिलंय ते मुख्यतः आत बसवलेल्या डिझेल इंजिनाचं आणि त्याच्या मागच्या गेअरबॉक्सचं. आउटबोर्डवाल्यांसाठी (इंजिन बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं असतं ते) शेवटाकडे थोडं आहे.

लक्षणं

यातलं काय दिसतंय ते आधी ठरवा, दोन-तीन एकदम असली तरी लिहून काढा.

- रोज सकाळी इंजिनची लेव्हल थोडी थोडी खाली, धूर निळसर, नाहीतर इंजिनखालच्या पाण्यावर रंगीत तवंग.
- लेव्हल वर चढलेली, ऑइल पातळ, काडीला डिझेलचा वास.
- ऑइल दुधाच्या चहासारखं. इंजिनात किंवा गेअरबॉक्समध्ये, कुठे ते नीट नोंदवा, दोन्हीची कारणं वेगळी.
- इंजिन गरम झाल्यावर स्लोवर आणलं की ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकतो किंवा बझर वाजतो.
- गेअर टाकला की बोट उशिरा उचलते, किंवा इंजिनचा आवाज चढतो पण बोट पुढे जात नाही.
- गेअरबॉक्सला जळका वास, लाल ऑइल तपकिरी-काळं.

डिझेल इंजिनचं ऑइल काळं असणं हे लक्षण नाही हां. नवीन टाकलेलं सुद्धा थोड्या वेळात काळं होतं, त्याच्यावरून घाबरून फोन करू नका.

आधी लेव्हल खरी आहे का ते बघा

पैसा शून्य. माझ्याकडे येणाऱ्या "ऑइल गायब" तक्रारींतल्या बऱ्याच इथेच संपतात.

सकाळी, इंजिन सुरू करायच्या आधी, प्रवासी चढायच्या आधी बघायचं. रात्रभर उभ्या इंजिनातलं सगळं ऑइल खाली सम्पमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरलेलं असतं. ट्रिप मारून आल्या आल्या काडी काढली तर बरंच ऑइल अजून वर हेडमध्ये असतं आणि लेव्हल कमी दिसते, मग लोक ओततात आणि सकाळी ती मार्कच्या वर. मधे बघायचंच असेल तर बंद करून किमान दहा मिनिटं थांबा. काडी काढा, स्वच्छ कपड्याने पुसा (कॉटन वेस्टने नको, धागे आत जातात), पूर्ण आत घाला, काढा, वाचा. परत एकदा. दोन्ही वेळा सारखी आली तरच ती लेव्हल.

बोट सरळ तरंगत असली पाहिजे. खाडीत ओहोटीला बोट चिखलात एका कुशीवर बसते आणि तांडेल तशीच काडी काढतो, ते वाचन कामाचं नाही. पाण्याच्या टाक्या, बर्फाचे बॉक्स, डायव्हिंगचे सिलिंडर एका बाजूला रचले असतील तरी तेच.

आणि एक गोष्ट जी मालकांना सुद्धा माहीत नसते. बोटीत इंजिन बऱ्याचदा शाफ्टच्या (पंखा म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्याच्या) उतारावर मागे कललेलं बसवतात. काडीवरच्या खुणा सपाट बसवलेल्या इंजिनाच्या असतील, विशेषतः गाडीचं इंजिन बोटीसाठी तयार करून घेतलंय तिथे, तर काडी खोटं बोलणार, आणि किती खोटं ते काडी कुठल्या बाजूला आहे त्यावर. उपाय सोपा आहे. पुढच्या वेळी ऑइल बदलाल तेव्हा पुस्तकात दिलेलं माप मोजून भरा, थोडा वेळ इंजिन चालवा म्हणजे फिल्टर भरेल, बंद करून थांबा, आणि काडीला जिथे ऑइल लागेल तिथे कानशीने बारीक खूण करा. त्या बोटीचा तोच फुल मार्क. दोन इंजिनांच्या बोटीवर काड्या अदलाबदल झालेल्याही सापडतात, तेही बघून घ्या.

गेअरबॉक्सची काडी वेगळी वागते. छोट्या गेअरबॉक्सच्या बऱ्याच मॉडेलांत काडीला आटे असतात आणि लेव्हल बघताना ती फिरवून बसवायची नसते, नुसती भोकावर टेकवायची असते. आटे फिरवून बघितलं तर ऑइल जास्त दिसतं आणि गेअरबॉक्स उपाशी राहतो. मोठ्या हायड्रॉलिक गेअरबॉक्समध्ये काही ठिकाणी इंजिन गरम करून, न्यूट्रलमध्ये स्लोवर ठेवून लेव्हल बघायची असते, काही ठिकाणी गरम करून बंद केल्या केल्या. इथे अंदाज चालत नाही, त्या मॉडेलचं पुस्तक मोबाइलवर ठेवा.

गेअरबॉक्समध्ये ऑइल मुळात थोडंच असतं, शिडाच्या छोट्या बोटींवर दिसणाऱ्या यानमार केएम२पी सारख्यात जेमतेम ३०० मिली. त्यातलं १०० मिली गेलं तर तिसरा हिस्सा गेला. इंजिनात १०० मिली कमी झालेलं कळतही नाही. म्हणून गेअरबॉक्सच्या बाबतीत "थोडंसंच कमी आहे" असं काही नसतं.

हाताचं बोट, नाक आणि गरम चमचा

लेव्हल खरी निघाली, आता ऑइलकडे बघा. थेंब बोटांत चोळा. पाण्यासारखं पातळ आणि डिझेलचा वास असेल तर डिझेल शिरलंय. दुधाळ असेल तर पाणी. शंका असेल तर बोटीपासून लांब, किनाऱ्यावर जुना चमचा तापवा आणि त्यावर ऑइलचा एक थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे, नुसता धूर आला तर नाही.

झाकणाच्या आतून पांढरट लोणी जमलंय पण काडी स्वच्छ आहे, असं असेल तर लगेच घाबरू नका. बंदरातून पाच-दहा मिनिटं जायचं, बंद करायचं, परत सुरू करायचं अशा कामात इंजिन पुरतं तापतच नाही, हवेतली वाफ आत थंड होते आणि झाकणाला चिकटते. पुसून टाका, एखादा तास नीट लोडवर चालवा आणि परत बघा. परत आलं आणि काडीवरही दिसलं तर पुढे वाचा.

कमी होतंय, मग गेलं कुठे?

इंजिनखाली कोरडं करून पांढरा कपडा किंवा पुठ्ठा पसरा आणि एक दिवस बोट चालवा. डाग कुठे पडला त्यावरून वर बघत जायचं. क्रमाने: फिल्टर, ड्रेन बोल्ट, ऑइल प्रेशरचा सेन्सर, रॉकर कव्हरचं पॅकिंग, मग पुढचं-मागचं क्रँक सील. फिल्टरच्या जागी सगळ्यात जास्त सापडणारी गंमत म्हणजे जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलेलं असतं आणि त्याच्यावर नवीन फिल्टर चढवलेला असतो, दोन रबरं एकावर एक. थोडे दिवस धरतं, मग एका ट्रिपमध्ये सगळं ऑइल बाहेर. फिल्टर काढून बघायला पंधरा मिनिटं लागतात.

खाली ऑइल सांडलेलं असेल तर बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा) चालू करून खाडीत सोडू नका. ते गुन्ह्यात बसतंच, शिवाय त्याच खाडीत आपण तिसरे-मुळे (खायच्या शिंपल्या) काढतो. कपड्याने टिपा, डब्यात भरा, गॅरेजला द्या.

बाहेर कुठेच डाग नाही, तर ब्रीदरचा (इंजिनच्या आतली हवा-वाफ बाहेर सोडणारा) पाइप बघा. ऑइल गरजेपेक्षा जास्त भरलं असेल तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदरमधून बाहेर किंवा थेट हवेच्या फिल्टरमध्ये जातं, धूर निळा होतो. म्हणजे ओतल्यामुळे कमी होतंय. जास्त भरलेल्या डिझेल इंजिनात आणखी एक धोका, ते स्वतःचंच ऑइल ओढून जाळायला लागतं आणि चावी बंद केली तरी बंद होत नाही, रेस चढतच जाते. तेव्हा हवेचं तोंड बंद करणं हाच मार्ग, आणि तोही फळी किंवा जाड वस्तूने, हात लावायचा नाही. म्हणून फुल मार्कच्या वर कधीच नको. मार्कांच्या मधोमधच्या वर असलं की पुरे.

तेही ठीक असेल तर इंजिन पूर्ण गार असताना कुलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या गोड्या पाण्याच्या) टाकीचं झाकण उघडा. वर काळपट साय दिसली तर ऑइल कूलरमधून ऑइल कुलंटमध्ये जातंय. साय नाही, गळती नाही, ब्रीदर ठीक, तरी निळा धूर आणि रोज ऑइल खातंय, तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो. हे तुमचं-माझं जेटीवरचं काम नाही, वर्कशॉपचं.

वाढतंय, मग आलं कुठून?

इथे इंजिन चालू करायचं नाही. परत लिहितो, चालू करायचं नाही, "जरा जेटीपर्यंत" सुद्धा नाही. पातळ किंवा पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगवर थर धरत नाही.

डिझेलचा वास असेल तर आधी इंजिनच्या कुशीला लावलेला छोटा डिझेल पंप बघा, तो टाकीतून डिझेल ओढतो तो. त्याच्या आतला पडदा फाटला की डिझेल सरळ सम्पमध्ये उतरतं. पडद्याचं किट किंवा पंपच बदलायचा, महाग नाही. पंप चांगला निघाला तर इंजेक्टर, त्यांच्या परतीच्या नळ्या, नाहीतर मोठ्या पंपाचं (इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या) सील, आणि ते डिझेल पंपवाल्याकडेच.

पाणी असेल तर पहिला प्रश्न, गोडं की खारं? चव घेऊ नका. कुलंटची टाकी बघा. टाकी कमी झालीय तर पाणी तिकडून येतंय. टाकी काठोकाठ आणि तरी ऑइलमध्ये पाणी, म्हणजे बहुतेक समुद्राचं. एवढ्या एका गोष्टीने शोध अर्धा होतो, पण नव्वद टक्के लोक झाकण उघडून बघत नाहीत आणि सरळ हेड गॅसकेटवर संशय घेतात.

समुद्राचं असेल तर खाऱ्या पाण्याचा पंप, इंपेलरवाला (आत रबराची पाती फिरतात तो). इंजिनच्या गेअरवर चालणाऱ्या पंपात शाफ्टला दोन सील असतात, एक पाण्याचं, एक ऑइलचं, आणि दोघांच्या मधे खालच्या बाजूला एक छोटं भोक. पाण्याचं सील गेलं की त्या भोकातून थेंब पडावा आणि आपल्याला कळावं म्हणून ते भोक. आपल्याकडे ते मिठाने बुजतं, नाहीतर मे महिन्यात कुणीतरी इंजिनला हौसेने रंग मारताना बुजवतो. मग पाण्याला दुसरी वाट उरते ती ऑइलच्या सीलमधून आत. तारेने भोक मोकळं करा. पाणी टपकलं तर सील किट बदलायचं, चोर सापडला. दर सीझनला सुरुवातीला हे भोक बघाच, फुकट आहे.

पंप चांगला, तर एक्झॉस्ट. सुरू न होणाऱ्या इंजिनाला खूप वेळ स्टार्टर मारत राहिलं तर पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो, ते मफलरमध्ये साठतं आणि मागे सिलिंडरमध्ये येतं. म्हणून इंजिन पटकन घेत नसेल तर आधी समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, मग स्टार्टर मारा, आणि घेतल्या क्षणी उघडा, विसरलात तर इंपेलर जळेल. इंजिन पाण्याच्या पातळीच्या खाली असेल तर सायफन तोडणारा व्हॉल्व्हही (समुद्राचं पाणी आपोआप आत ओढलं जाऊ नये म्हणून असतो तो) बघा, मिठाने जाम झाला की उभ्या बोटीतही पाणी आत येतं. आणि स्टार्टर मारल्यावर नुसता "टक्" आवाज येऊन इंजिन अडकलं तर दुसऱ्यांदा मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

त्याच्या पुढे ऑइल कूलर आणि शेवटी हेड गॅसकेट, दोन्हीला प्रेशर टेस्ट लागते.

खारं पाणी सापडलं की ते ऑइल रात्रभर आत ठेवू नका. मिस्त्री उद्या येणार असला तरी आजच काढून टाका. कारण सापडून दुरुस्त झालं की साधं स्वस्त ऑइल आणि नवा फिल्टर घालून थोडा वेळ चालवा, काढा, परत घाला, काडी स्वच्छ येईपर्यंत. मग चांगलं ऑइल. तीन वेळचं ऑइल वाया गेलं म्हणून मालक कुरकुरतो, त्याला बेअरिंगचा भाव सांगा.

गेअर घसरतोय

लेव्हल बघितली, ठीक. आता ऑइल कुठलं आहे? काही गेअरबॉक्सला लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गेअरचं ऑइल) लागतं, काहींना इंजिनचंच ऑइल, एकाच जेटीवर शेजारच्या दोन बोटींना वेगवेगळं. चुकीचं पडलं तर क्लच नीट धरत नाही. गेअरबॉक्सवर प्लेट असते, ती गंजली असेल तर पुस्तकात बघून रंगाने मोठं लिहून ठेवा, "लाल" किंवा "इंजिन ऑइल". नवीन तांडेल विचारणार नाही, वाचेल.

मग केबल. गेअर घसरतो म्हणून गेअरबॉक्स उतरवायला निघालेल्या बोटींत बऱ्याचदा दोष केबलचाच निघतो. खाऱ्या हवेत केबल आतून गंजते, ताणते, आणि वर हँडल पूर्ण टाकलं तरी खाली गेअरचा दांडा अर्धाच सरकतो, क्लच अर्धवट धरतो आणि जळतो. इंजिन बंद ठेवून केबल दांड्यापासून सोडा, दांडा हाताने पुढे-मागे पूर्ण सरकवा, मग केबल जोडून हँडलने तेवढाच सरकतो का बघा. कमी सरकला तर केबल ॲडजस्ट करा किंवा बदला. चालू इंजिनावर चाचणी घ्यायची असेल तर बोट पुढून-मागून चांगल्या दोरांनी बांधून, स्लोवरच, आणि पंख्याजवळ कोणी पाण्यात नाही हे बघून. स्नॉर्कलिंगवाली मुलं जेटीखाली पोहत असतात.

दांडा पूर्ण सरकतो, ऑइल बरोबर, लेव्हल बरोबर, तरी घसरतंय, तर क्लच गेलाय. इथे थांबा.

गेअरबॉक्सचं ऑइल दुधाळ असेल तर पहिला संशय त्याच्या कूलरवर. छोटी नळी असते, आतून समुद्राचं पाणी, बाहेरून ऑइल, आणि मधला पत्रा झिजून बारीक भोक पडतं. ज्या कूलरला जस्ताची कांडी असते तिथे ती संपेपर्यंत कोणी बघत नाही, ती संपली की गंज कूलरलाच खातो. दुसरं कारण, इंजिनखाली एवढं पाणी साठू देणं की गेअरबॉक्सच्या मागच्या सीलपर्यंत चढेल.

ऑइल काढाल तेव्हा ड्रेनच्या बोल्टला किंवा चुंबकाला काय चिकटलंय बघा. राखाडी मऊ लेप चालतो. नखाला टोचणारे चकचकीत कण चालत नाहीत.

बंद पडलेली बोट दुसरीने ओढून आणता तेव्हा पाण्यामुळे पंखा आणि शाफ्ट फिरत राहतात. पण हायड्रॉलिक गेअरबॉक्सचा ऑइल पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद तर पंप बंद, आणि आतलं सगळं कोरडं फिरतं. लांब ओढायचं असेल तर शाफ्ट बांधून टाका, इंजिन मात्र चुकूनही सुरू करू नका तेव्हा.

आउटबोर्डवाले

डॉल्फिन दाखवणाऱ्या बऱ्याच बोटी आउटबोर्डवर आहेत. तिथे खालच्या गेअरचं ऑइल दुधाळ झालं की आधी पंखा काढा आणि शाफ्टला गुंडाळलेला तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) शोधा. जाळ्याचा तुकडा आत शिरतो आणि सील कापतो, बाहेरून दिसत नाही. ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्यातून बाहेर आलं की आधी वरचा स्क्रू लावायचा मग खालचा, आणि दोघांचे वॉशर नवीन. वरून ओतलं तर हवा अडकते. फोर-स्ट्रोकमध्ये इंजिन ऑइल वाढून पेट्रोलचा वास येत असेल तर दिवसभर फक्त स्लोवर फिरवलं जातंय का ते बघा.

पावसाळ्याआधी

मे अखेरीला बोट वर ओढून झाकतो तेव्हा ऑइल बदलूनच ठेवा, सप्टेंबरात नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओलावा असतो, तीन महिने बेअरिंगवर तेच बसून राहतं.

परदेशात, ग्रीस-क्रोएशियाकडे बोट स्वतः चालवायला भाड्याने घेणारी आपली मंडळीही विचारतात. तुम्ही फक्त रोज सकाळी दोन्ही काड्या बघा, ताब्यात घेतानाच्या लेव्हलचा फोटो ठेवा, आणि खालच्या मार्कच्या खाली गेली किंवा रंग बदलला तर आधी कंपनीच्या बेसला फोन. स्वतः काही उघडू नका, डिपॉझिट तुमचं आहे.

मिस्त्रीला कधी बोलवायचं

ऑइलमध्ये खारं पाणी. लेव्हल वाढलीय आणि डिझेलचा वास, आणि छोटा पंप ठीक निघाला. लेव्हल बरोबर असून गरम इंजिनावर प्रेशरचा दिवा लागतोय, किंवा खालून ठोके येतायत. धातूचे कण. लेव्हल-ऑइल-केबल तिन्ही बरोबर आणि तरी गेअर घसरतोय. स्टार्टरला इंजिन अडकतंय. यातलं काहीही असेल तर त्या दिवसाची बुकिंगं रद्द करा, प्रवासी घेऊन "एक फेरी मारून बघू" नको, बाहेर वारा उठला आणि इंजिन गेलं तर बोट खडकावर जाते.

फोन करताना मिस्त्रीला सांगायचं ते असं: अवर मीटरचा आकडा, शेवटचं ऑइल कधी आणि कुठलं, गेल्या आठवड्यात किती ओतलं, कुलंट कमी झालंय का. यासाठी स्टिअरिंगजवळ दोरीने बांधलेली एक वही ठेवा, जो तांडेल काडी बघेल त्याने तारीख, लेव्हल आणि ओतलेलं माप लिहायचं, नाही ओतलं तर शून्य लिहायचं. आणि ऑइल काढून टाकण्याआधी पाण्याच्या स्वच्छ, कोरड्या बाटलीत थोडं भरून ठेवा, बाटलीवर बोटीचं नाव आणि इंजिन की गेअर ते लिहा. रात्रभर उभी ठेवली की मोकळं पाणी तळाला बसतं, मिस्त्रीला सकाळी नुसती बाटली दाखवली तरी तो बरोबर कुठले पार्ट घेऊन यायचं ते ठरवतो.